लेकीच्या बेटावर दहा दिवस

परदेशची सहल हा श्रीमंतांचा विषय, अशी आपल्या घराघरांतून समजूत आहे. आमचीही होती. रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षे फिटर म्हणून काम केले. पास मिळाला की गाव, नागपूर, एकदा दिल्ली, एवढाच काय तो आमचा प्रवास. गेल्या सप्टेंबरात मात्र आम्ही दोघे, म्हणजे आम्ही आणि मुलीची आई, भूमध्य समुद्रातल्या माल्टा या बेटावर दहा दिवस राहून आलो.

कारण साधे होते. आमची थोरली मुलगी तेथे एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. तीन वर्षांत तिला घरी येता आले नव्हते. पहिले वर्ष नोकरी लावून देणाऱ्या दलालाचे पैसे फेडण्यात गेले, दुसरे धाकट्याच्या फीमध्ये आणि तिसरे घराच्या हप्त्यांत. दर महिन्याच्या पाच तारखेला तिचे पैसे येत. फोनवर ती म्हणे, "मी मजेत आहे." आईचे मन काही ते मानीना. शेवटी पोरीनेच सांगितले, "मला येता येत नाही, तर तुम्ही या. तिकिटाचे मी बघते." तिकिटाचे आम्हीच पाहिले, पण गेलो.

त्या बेटावर काय पाहिले, काय खाल्ले, किती खर्च झाला आणि शेवटी कोणती गोष्ट शिकलो, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख. आज आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली परदेशात नोकरीला आहेत. उद्या कोणा आईबापांना असे जावे लागले तर उपयोगी पडेल.

बेट कसे आहे?

माल्टा हा देश म्हणजे मुख्यतः तीन बेटे. मोठे माल्टा, मधले गोझो आणि दोहोंच्या मध्ये इवलेसे कोमिनो. इटलीच्या सिसिली बेटापासून दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटर. सगळ्या देशाचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. वस्ती पाच लाखांवर. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बसने जाता येते. त्यामुळे दहा दिवस इथे भरपूर होतात.

देश जुना, पण स्वातंत्र्य आपल्यानंतरचे. सन १८०० पासून इंग्रजांचे राज्य होते. दि. २१ सप्टेंबर १९६४ रोजी स्वातंत्र्य मिळाले आणि १९७४ साली प्रजासत्ताक झाले. इंग्रजांच्या खुणा पदोपदी दिसतात. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, इंग्रजी ही राज्यभाषा आहे आणि भिंतीतली विजेची भोके तीन पिनांची आहेत. तोडक्यामोडक्या इंग्रजीवर आमचे कुठेही अडले नाही.

त्यांची स्वतःची भाषा माल्टी. मूळ अरबी वळणाची, पण लिहितात रोमन लिपीत. कान देऊन ऐकले की आपल्या ओळखीचे शब्द सापडतात. पुस्तकाला ते 'क्तीब' म्हणतात, आपली किताब. जगाला 'दिन्या' म्हणतात, आपली दुनिया. निरोप घेताना 'साह्हा' म्हणतात, त्याचा अर्थ आरोग्य. आपण हिंदीत सेहत म्हणतो तेच. मुलीच्या आईने हा एक शब्द पहिल्याच दिवशी उचलला आणि बसच्या ड्रायव्हरपासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांना तो ऐकवला.

राजधानी व्हॅलेटा

पहिले तीन दिवस मुलीला ड्यूटी होती. त्यामुळे आम्ही दोघेच बसने व्हॅलेटा शहरात जात असू. मुलगी राहते हमरून या गावात. तेथून व्हॅलेटा अगदी जवळ. बेटावरच्या बहुतेक बसगाड्या व्हॅलेटाच्या वेशीबाहेर, त्रितोन नावाच्या कारंज्यापाशी येऊन थांबतात. म्हणून ते ठिकाण एकदा ध्यानात ठेवले की माणूस हरवत नाही.

हे शहर सन १५६६ मध्ये ख्रिस्ती लढवय्यांच्या एका संघाने, ज्यांना नाइट म्हणत, वसविले. त्याच्या आदल्याच वर्षी तुर्कांनी बेटाला मोठा वेढा घातला होता व तो मोडून काढण्यात आला होता. सगळे शहर पिवळसर दगडाचे, रस्ते सरळ आखलेले, आणि उतारावर पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्ल्या. घरांना लाकडी बंद सज्जे, हिरवे, तांबडे, निळे रंगवलेले. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या टाळून सरळ वरच्या रस्त्याने चालावे.

फुकट पाहण्यासारखी उत्तम जागा म्हणजे वरचा बराक्का बगीचा. तेथून खाली मोठे बंदर दिसते. रोज दुपारी बाराला तटावरून सलामीची तोफ डागतात. लोक अर्धा तास आधीपासून कठड्याला धरून उभे राहतात. तोफ उडाली तेव्हा मुलीच्या आईने आमचा हात असा घट्ट धरला की शेजारची म्हातारी गोरी बाई हसू लागली.

सेंट जॉनचे मोठे चर्च पाहावे. बाहेरून साधे, आत मात्र भिंत न भिंत सोन्याच्या मुलाम्याची. जमिनीवर सुमारे चारशे नाइटांच्या संगमरवरी समाध्या आहेत, त्यांवरूनच लोक चालतात. कारावाज्जो या इटालियन चित्रकाराने १६०८ साली काढलेले प्रचंड चित्र तेथे आहे. त्यात एका संताचा तुरुंगाच्या अंगणात वध होतो आहे. चित्राखाली सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपली सही केली आहे. आत जाताना खांदे झाकलेले असावे लागतात. साडी नेसलेल्या बाईला त्याची चिंता नाही.

पण आमच्या मनात राहिली ती दुसरी वास्तू, नाइटांचे जुने इस्पितळ. रजा मिळाल्यावर मुलीनेच आम्हाला तेथे नेले. सोळाव्या शतकात बांधलेल्या या इस्पितळाचा मोठा वॉर्ड १५५ मीटर लांब आहे. रोग्यांना चांदीच्या भांड्यांतून अन्न देत. ऐट म्हणून नव्हे, चांदी स्वच्छ राहते म्हणून, असे सांगतात. नाइट कितीही मोठ्या घराण्यातला असो, त्याला रोग्याची सेवा करावी लागे. आज तेथे परिषदा व कार्यक्रम होतात, ठरावीक वेळी आत जाऊन पाहता येते. मुलगी त्या लांबच लांब दालनात उभी राहून म्हणाली, "बाबा, एवढ्या वॉर्डला रात्रपाळीला किती जणी लागतील?" आम्हाला हसू आले. माणूस सहलीला जातो, पण त्याचे काम त्याच्या बरोबर येते.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. या वैभवामागे गुलामांचे कष्ट होते. नाइटांच्या जहाजांवर वल्ही मारायला गुलाम होते, शहरात त्यांचा वेगळा तुरुंग होता, आणि या इस्पितळातही गुलाम राबत. सन १७९८ मध्ये नेपोलियनने बेट घेतले तेव्हा कुठे येथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. बंदरावरचे उंच तट पाहताना आम्ही दोघे जरा वेळ गप्प उभे होतो. दगड कोणी वाहिले, हा प्रश्न आपल्या माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

पोटाची सोय

आता खाण्याचे. मुलीने पहिल्या संध्याकाळी आम्हाला कोपऱ्यावरच्या पस्तित्सीच्या दुकानात नेले. पस्तित्सी म्हणजे पापुद्र्याची खारी असते तशा पिठाची लहान होडीसारखी वस्तू. आत रिकोटा नावाचे ताजे चीज किंवा शिजवून ठेचलेला वाटाणा. भट्टीतून गरम काढतात, कागदात गुंडाळून देतात. एकाची किंमत एक युरोच्या आतबाहेर. वाटाण्याची खाल्ली तर समोशाच्या सारणाची आठवण येते, फक्त तिखट नाही. दोन खाल्ल्या की पोट भरते. दुकानदाराने मुलीला पाहताच न विचारता दोन वाटाण्याच्या पुढे केल्या. आम्हाला वाटले, वा, पोरगी इथे रुळली! त्याचा खरा अर्थ नंतर कळला.

बेटाचा जीव आहे तो पावात. वरून कडक, आतून मऊ. पाव आडवा कापून त्यावर पिकला टोमॅटो चोळायचा, ऑलिव्हचे तेल सोडायचे, वर ट्यूना मासा, ऑलिव्ह, केपर नावाच्या आंबट-खारट कळ्या, कांदा. याला 'होब्झ बिझ्झेत' म्हणतात, म्हणजे तेल-पाव. कामगाराने डब्यात न्यायचे हे अन्न. आपली चटणी-भाकरी तशी त्यांची ही. 'फ्तीरा' नावाचा त्यांचा चपटा, मध्ये भोक असलेला पाव तर इतका मानाचा की २०२० साली युनेस्कोने त्याची परंपरा आपल्या यादीत घेतली.

पावाचा आणि या लोकांचा इतिहास जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर पाव महाग झाला, लोक उपाशी होते, राजकीय हक्कही नव्हते. दि. ७ जून १९१९ रोजी व्हॅलेटात लोक रस्त्यावर उतरले. इंग्रजांच्या सैनिकांनी गोळीबार केला. त्या दंगलीत चार माल्टी माणसे मेली. आज तो दिवस राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. भाकरीसाठी उठलेल्या माणसांची सुट्टी देशभर पाळली जाते, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

हॉटेलात बसायचे झाल्यास भारी हॉटेलांपेक्षा गावोगावचे बँड क्लब बरे. प्रत्येक गावात बँडचे मंडळ असते आणि त्याच्या इमारतीत साधे खाणे-पिणे मिळते. उन्हाळ्यात गावच्या संताचा उत्सव असतो तेव्हा हेच बँड वाजत निघतात, रस्ते दिव्यांनी सजतात, रात्री आतषबाजी होते. दोन मंडळांत चुरसही असते. आपल्याकडील जयंतीच्या मिरवणुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे काही नवे वाटणार नाही.

मांसाहाऱ्यांसाठी ससा हा तेथील राष्ट्रीय पदार्थ. दारू व टोमॅटोच्या रश्शात मंद आचेवर शिजवतात. इमजार नावाचे गाव त्यासाठी प्रसिद्ध. नाइटांच्या काळी गरिबाला सशाची शिकार करायला बंदी होती, म्हणूनच लोकांनी तो अभिमानाने आपला केला, असे सांगतात. आम्ही खाल्ला, चांगला लागला. मुलीच्या आईने सशाचे नाव ऐकताच ताट सरकवले आणि 'विधवेचे सार' मागविले. नाव विचित्र, पण गोष्ट चांगली. गरीब विधवेला शेजारणी घरातली एकेक भाजी देत, त्या सगळ्या भाज्यांचे हे सार. वरून अंडे आणि शेळी-मेंढीच्या दुधाचे चीज घालतात. आमच्या घरी परतल्यावर ते दोनदा झाले, चीजऐवजी पनीर घालून.

चहाची तल्लफ आली तर रबात गावात जावे. तेथे 'क्रिस्टल पॅलेस' नावाचे जुने, साधे पस्तित्सीचे दुकान आहे. नावात राजवाडा असला तरी आत कामगार, टॅक्सीवाले आणि प्रवासी एकाच बाकावर. चहा काचेच्या ग्लासात देतात, दूध घातलेला, गोड. दहा दिवसांत घरच्यासारखा चहा मिळाला तो तेथेच. दुकानाच्या समोरच इमदिना हे जुन्या राजधानीचे तटबंदीचे शहर आहे. आत जेमतेम दोन-तीनशे माणसे राहतात. तिन्हीसांजेला तेथल्या गल्ल्यांतून चालावे. आपल्या पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो.

गोड हवे असेल तर 'इमआरेत' घ्यावे. शंकरपाळ्याच्या आकाराचे, आत खजूर, गरम तेलात तळलेले. व्हॅलेटाच्या वेशीजवळ मिळतात.

गोदी आणि होड्या

आम्ही पडलो फिटर. त्यामुळे गोदी पाहिल्याशिवाय चैन पडेना. व्हॅलेटाच्या समोर पाण्यापलीकडे बिर्गू, बोर्मला आणि इस्ला अशी तीन जुनी गावे आहेत. बगीच्याजवळच्या उंच लिफ्टने खाली उतरावे आणि लाँचने किंवा दायसा नावाच्या रंगीत होडीने पलीकडे जावे. दोन-तीन युरोंत बंदर ओलांडता येते. मोठ्या बोटींच्या सहलीला पाच-दहापट पैसे मोजण्याचे कारण नाही.

ही गावे गोदी कामगारांची. इंग्रज आरमाराच्या गोदीवर पिढ्यान्‌पिढ्या इथली घरे चालली. दुसऱ्या महायुद्धात याच गोदीमुळे बेटावर बॉम्बचा पाऊस पडला. लोकांनी खडकात भुयारे खोदली आणि त्यांत संसार मांडले. बिर्गूच्या युद्ध संग्रहालयाखाली तसे भुयार आजही पाहता येते. दि. १५ एप्रिल १९४२ रोजी इंग्लंडच्या राजाने साऱ्या बेटालाच शौर्याचे 'जॉर्ज क्रॉस' हे पदक दिले. देशाच्या निशाणावर ते आजही आहे. बिर्गूच्या धक्क्यावर दुसरे एक स्मारक आहे, दि. ३१ मार्च १९७९ रोजी इंग्रजांचे शेवटचे सैन्य बेट सोडून गेले त्याचे.

या बंदराचा आपल्या मुंबईशीही संबंध आहे. सन १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तानच्या तंट्याच्या वेळी इंग्रज सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक बोटींनी येथे आणले होते. त्यांत मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणीही होत्या. त्या काळी मुंबई लष्करात महार शिपाई भरती होत असत, हा इतिहास आपल्या वाचकांना सांगायला नको. बंदराकडे पाहताना ती गोष्ट मनात आली आणि परका मुलूख जरा कमी परका वाटला.

दि. ८ सप्टेंबरला या बंदरात होड्यांच्या शर्यती असतात. त्या दिवशी १५६५ चा वेढा उठला, म्हणून सुट्टी. बंदराकाठच्या गावांचे संघ वल्ही मारतात आणि दोन्ही काठांवर माणसांची झुंबड. तिकीट नाही. कठड्यावर बसून शर्यती पाहिल्या, बरोबर नेलेले तेल-पाव खाल्ले, 'किनी' नावाचे कडूगोड संत्र्याचे थंड पेय प्यायलो. मुलगी अर्धा दिवस रजा टाकून आली होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. ती म्हणाली, "तीन वर्षांत पहिल्यांदाच पाहते आहे." तेव्हा आम्ही ते मनावर घेतले नाही.

गोझो

पाचव्या दिवशी मुलीला घेऊन गोझो बेटावर निघालो. बसने चिरकेव्वा धक्क्यावर जायचे आणि तेथून मोठी फेरीबोट. पंचवीस मिनिटांत पलीकडे.

धक्क्यावर मुलगी तिकिटाची खिडकी शोधू लागली. इकडे गेली, तिकडे गेली, रांगेतल्या लोकांना विचारू लागली. एका शिपायाने सांगितले, जाताना तिकीट नसते, पैसे गोझोहून परतताना घेतात. बेटावरच्या पोरासोरांनाही हे माहीत असते. आमच्या लेकीला तीन वर्षांत माहीत नव्हते.

बोटीच्या डेकवर तिच्या आईने विचारले, "तू इथे कधी आलीच नव्हतीस?"

"वेळ कुठे मिळतो, आई? सुट्टीच्या दिवशी ज्यादा ड्यूटी घेते. आणि गोझो काय पळून जातंय?"

"जेवतेस काय रोज?"

ती हसली. "पस्तित्सी. स्वस्त पडते."

मग एकेक बाहेर आले. पस्तित्सीवाल्याने न विचारता का बांधून दिले, ते कळले. समुद्र दहा मिनिटांवर, पण ती एकदाही पाण्यात उतरली नव्हती. हॉटेलात बसून जेवली ती फक्त एकदा, सहकारी मैत्रिणीच्या लग्नाची पार्टी होती तेव्हा. दर महिन्याच्या पाच तारखेला येणारे पैसे कुठून वाचत होते, याचा हिशेब आम्हाला त्या पंचवीस मिनिटांत मिळाला. आम्ही चौतीस वर्षे हिशेब केले, पण हा कधी मांडला नव्हता. घराच्या हप्त्याची पावती आली की 'आला' म्हणून कपाटात ठेवीत होतो.

गोझोत पहिल्यांदा शारा गावातले जिगांतिया पाहिले. प्रचंड दगडांची ही देवळे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. लोकांत कथा अशी की, एका राक्षसिणीने ती बांधली. ती पावटे आणि मध खाऊन राही, आणि कडेवर पोर घेऊन दगड वाही. ते ऐकून मुलीची आई म्हणाली, "राक्षसीण कशाला म्हणतात? बाईच असेल कोणी कष्टाची." मुलीकडे पाहून म्हणाली, हे आम्हाला तेव्हा कळले.

गोझोत आणखी पाहण्यासारखे पुष्कळ. मधोमध व्हिक्टोरिया शहराचा गड आहे. वर चढले की चारी बाजूंनी बेट दिसते. १५५१ साली तुर्कांच्या आरमाराने याच गडातून बेटावरची जवळजवळ सगळी माणसे गुलाम करून नेली होती. मार्साल्फोर्नजवळ श्वेयनीची मिठागरे आहेत. खडकात कोरलेले चौकोनी खाचे, त्यांत समुद्राचे पाणी सुकवतात. वडाळा-भांडुपची मिठागरे ज्यांनी पाहिली त्यांना ओळख पटेल. एक-दोन पिशव्या मीठ घरी आणले, ते अजून पुरते आहे. रामला येथील किनाऱ्याची वाळू तांबूस आहे. द्वेयरा येथील समुद्रातली दगडी कमान मात्र आता पाहायला मिळणार नाही. ती दि. ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. जुन्या पुस्तकांतील फोटो पाहून कोणी तिच्यासाठी जाऊ नये.

नादूर गावातल्या जुन्या बेकऱ्यांत दुपारी गोझोची फ्तीरा मिळते. उघड्या तव्याएवढी, वर बटाट्याचे काप, चीज, टोमॅटो. तिघांना एक पुरते. त्या दुपारी भिंतीच्या सावलीत बसून आम्ही ती खाल्ली. मुलीने तीन तुकडे खाल्ले. पोरीला असे पोटभर खाताना पाहून किती दिवस झाले होते!

समुद्र

उरलेल्या दिवसांत आम्ही ठरवून टाकले की रोज एक तरी गोष्ट मुलीसाठी करायची. पोहता न येणाऱ्यांनी मेलिहा येथील आदिराच्या किनाऱ्यावर जावे. लांब वाळू, पाणी दूरवर गुडघाभर. मुलीची आई साडी खोचून पाण्यात उतरली. मुलगीही उतरली. सप्टेंबरात पाणी कोमट असते. खडकाळ किनाऱ्यांवर मात्र सांभाळावे, पाणी एकदम खोल होते. कोमिनोचे निळे सरोवर फार सुंदर, पण गर्दीचे. तेथील गर्दी आवरण्यासाठी आता आधी नाव नोंदवावे लागते. चौकशी करूनच निघावे.

रविवारी सकाळी मार्साश्लोक या कोळीवाड्यात बाजार भरतो. होड्या पिवळ्या-निळ्या-तांबड्या, आणि नाकाडावर दोन्ही बाजूंना रंगवलेले डोळे. समुद्रात होडीला वाट दिसावी म्हणून. मासळी पाहून मुलीच्या आईचे भान हरपले. त्या दिवसांत लाम्पूकी नावाच्या माशाचा हंगाम असतो. कोळी समुद्रात तरंगते तराफे सोडतात, त्यांच्या सावलीला हा मासा गोळा होतो, मग धरतात. आम्ही एक विकत घेतला, बसने घरी आणला आणि मुलीच्या आईने पिशवीतून नेलेल्या मसाल्यात कालवण केले. मुलीच्या खोलीत केरळच्या तीन नर्स राहतात. सातजणांना पुरेल एवढा भात लावला होता, सहाजणांतच संपला.

जाणाऱ्यांसाठी

शेंगेन व्हिसा लागतो. मुलीकडून निमंत्रणाचे पत्र, तिच्या पगाराचा व राहण्याचा पुरावा, आपले बँक खाते व प्रवासाचा विमा, ही कागदपत्रे आधी जमवावीत. चलन युरो. एक युरोचे सुमारे शंभर रुपये धरून हिशेब करावा. बसचे सुटे तिकीट दोन-अडीच युरो, दोन तास चालते. आठवड्याचा पास काढल्यास स्वस्त पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि दर दोन्ही चढे असतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

पावला गावात हायपोजियम नावाचे जमिनीखालचे पाच हजार वर्षांपूर्वीचे दफनस्थान आहे. १९०२ साली घरांचे काम करताना मजुरांना ते सापडले. दर फेरीला फक्त दहा माणसे सोडतात. तिकीट महाग, आणि ते कित्येक आठवडे आधी काढावे लागते. आम्हाला मिळाले नाही. तुम्ही निघण्यापूर्वीच काढा.

शेवटची गोष्ट

विमानतळावर मुलीच्या आईने तिला बजावले, "महिन्यातला एक रविवार तुझा. ज्यादा ड्यूटी नाही. पैसे कमी आले तरी चालतील." आम्ही धाकट्याला सांगितले की शेवटच्या वर्षाच्या फीसाठी तू आता अर्धवेळ काम बघ. तो कुरकुरला नाही. त्यालाही लाज वाटली असावी.

गेल्या महिन्यात पाच तारखेला पैसे आले, नेहमीपेक्षा थोडे कमी. त्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो आला. आमची लेक आणि केरळच्या त्या तिघी, गोझोच्या बोटीवर, केस वाऱ्यावर उडताहेत. खाली लिहिले होते, "परतीचे तिकीट कुठे काढायचे ते आता मला माहीत आहे."

आपली मुले घरासाठी दूर जातात, राबतात. आपण त्यांना विचारतो, पैसे पाठवले का, पगार वाढला का. विचारावे, त्यात गैर नाही. पण त्याबरोबर हेही विचारा की, बाई, तू काय जेवलीस? बाबा, तू या महिन्यात काय पाहिलेस? आणि त्यांचे उत्तर 'मजेत आहे' एवढेच आले, तर आणखी एकदा विचारा.